माझी हवा निघाली, त्याची गोष्ट

ऑफिसमध्ये आपली जाम हवा आहे. म्हणजे, होती. टीम लीड, हाताखाली सातजण आणि मुख्य म्हणजे कंपनीच्या बसची वाट न बघता स्वतःच्या गाडीने येणारी मुलगी! एसी फुल्ल, एफएम चालू, गॉगल डोळ्यांवर. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकले तरी कॉलर टाइट.

आता ‘स्वतःची गाडी’ म्हणजे खरं तर बाबांची. २०१२ साली रिटायर झाल्यावर हातात आलेल्या पैशांतून त्यांनी ही छोटी चंदेरी गाडी घेतली. माणूस आयुष्यभर एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बसच्या पोटाखाली झोपून बत्तीस वर्षं काढली, पण स्वतःच्या नावावर चार चाकं आली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्यामुळे गाडीचे लाड विचारू नका. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं, ऑइल बघायचं, पाणी बघायचं, मग फडक्याने सगळं पुसून पुन्हा बंद. मी तेव्हा अकरावीत होते. ‘बाबा, मी पण बघू?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘तू अभ्यास कर. हात काळे करायला मी आहे.’

मी अभ्यास केला. हात गोरेच राहिले.

दोन वर्षांपूर्वी बाबांना पार्किन्सन्स असल्याचं कळलं आणि गेल्या वर्षी एक दिवस त्यांनी गाडीची किल्ली गुपचूप माझ्या लॅपटॉपवर आणून ठेवली. कारण विचारलं तर म्हणाले, ‘आता तूच चालव. फक्त आठवड्याला पाणी बघत जा.’ मी ‘हो’ म्हटलं. आपण आईबाबांना जसं ‘हो’ म्हणतो ना, डोळे मोबाइलमध्ये ठेवून, अगदी तसं.

मे महिन्यात मैत्रिणीचं लग्न होतं साताऱ्याला. आम्ही चौघी, मागे बॅगा, ऊन मरणाचं. खंबाटकीचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर सरकताना मला दिसला होता. खोटं कशाला बोलू? दिसला होता. पण गाणं छान लागलं होतं आणि ‘घाट आहे, होतं असं’ म्हणून मी एसी एकने वाढवला. दोन वळणांनंतर बॉनेटमधून पांढरी वाफ. नंतर कळलं, खालचा होज पाइप कित्येक आठवडे थेंब थेंब गळत होता. एका जरी रविवारी बॉनेट उघडलं असतं तरी दिसला असता.

लग्नाला आम्ही टेम्पोने पोचलो. गाडी टो होऊन परत पुण्याला. ऑफिसमधल्या एकाने सुचवलेलं गॅरेज एकदम चकाचक होतं. काचेचं केबिन, कॉफी मशिन, मोबाइलवर एस्टिमेट. निदान असं : इंजिन तापून अॅल्युमिनियमचं हेड किंचित वाकलं, हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट गेलं. हेड मशिनवर घासून सपाट करायचं, गॅस्केट नवं, पाइप नवा, कूलंट नवं. तेवीस हजार रुपये!

घरी मी काय सांगितलं? ‘बाबा, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. मोठी सर्व्हिसिंग आहे, आठ दिवस लागतील.’ बाबांनी पेपरमधून मान वर करून एकदा बघितलं, आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

गाडी सोमवारी मिळाली. गुरुवारी संध्याकाळी भूमकर चौकात जाम, आणि काटा पुन्हा लालच्या दिशेने निघालेला! पोटात गोळा आला. गाडी कडेला घेतली, बंद केली, अर्धा तास तशीच बसून राहिले. मग काळोखात हळूहळू घरी आणली. दुसऱ्या दिवशी गॅरेजला फोन. तिकडून शांत आवाज, ‘मॅडम, हेडला तडा असेल. पुन्हा उघडावं लागेल. नाहीतर तूर्तास थर्मोस्टॅट काढून टाकू. आणि खरं सांगू का, गाडीला पंधरा वर्षं होत आलीयत. परत पासिंगचा खर्च. त्यापेक्षा स्क्रॅपला द्या ना.’

स्क्रॅप. बाबांची गाडी. आणि हे त्यांना सांगणार कोण?

शनिवारी बाबांची न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट होती. कॅबवाल्याने दोनदा कॅन्सल केलं. बाबा चपला घालून दारात उभे. ‘अगं, खाली गाडी आहे ना आपली?’ काय बोलणार? तीन किलोमीटरच तर जायचंय, म्हणून काढली.

गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डच्या मागून आवाज आला. गुळुगुळु. बाटलीतून पाणी ओतताना येतो तसा. मी तो आवाज चार दिवस ऐकत होते, एफएमच्या मागे. बाबांनी रेडिओ बंद केला आणि मान तिरकी करून ऐकत राहिले. काही बोलले नाहीत. दहाएक मिनिटांनी सिग्नलला थांबलो, तेव्हा त्यांनी हात पुढे करून हीटर फुल्ल केला.

‘बाबा, मे महिना आहे!’

‘माहितीय. हात धर इथं.’

जाळीतून येणारी हवा गारच होती. काटा मात्र निम्म्याच्या वर. आणि आम्ही बघत असतानाच तो झपकन खाली आला, आणि पुन्हा चढायला लागला.

‘इंजिन गरम, हीटर गार,’ बाबा म्हणाले. ‘हवा धरलीय. गाडी बाजूला घे. आपण रिक्षाने जाऊ.’

रिक्षात मी गप्प. बाबाही गप्प. डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघताना मात्र त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की माझा बाप काय सुंदर शिकवतो. इंजिनभोवती पाण्याच्या वाटा असतात. पंप ते पाणी फिरवतो. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट नावाचं दार बंद असतं. साधारण ऐंशी-नव्वद अंशांना ते उघडतं आणि गरम पाणी रेडिएटरकडे जाऊन गार होऊन परत येतं. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला एक चिमुकला रेडिएटरच. त्यातून गरम पाणी जातं, म्हणून गरम हवा येते.

‘आता हेड उघडलं की सगळं पाणी काढावं लागतं,’ बाबा म्हणाले. मी दचकले, पण ते पुढे बोलतच होते. ‘परत भरताना घाई केली की उंच जागी हवा अडकून बसते. हीटरमध्ये, वरच्या पाइपात, थर्मोस्टॅटपाशी. पाणी उष्णता वाहून नेतं, हवा नेत नाही. पंपात हवा आली तर तो नुसताच फिरतो, पाणी ढकलतच नाही. आणि काट्याचा सेन्सर हवेत लटकला, की काटाही खोटं बोलतो. डिझेलच्या लाइनमध्ये एअर धरली की उभी बस बंद पडायची आमच्याकडे. इथं पाण्याचं तसंच.’

म्हणजे हेडला तडा नाही? मी जवळजवळ ओरडलेच.

‘ते उद्या कळेल. अडकलेली हवा मोजकी असते. काढली की संपते. पण तडा असेल, नाहीतर गॅस्केट नीट बसलं नसेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो. मग गाडी चालू आहे तोवर बुडबुडे येतच राहतात. ते संपत नाहीत.’

येताना, इंजिन पुरतं गार झालेलं बघून, बाबांनी बाजूच्या बाटलीत पाणी घालायला लावलं आणि आम्ही गाडी सावकाश घरी आणली.

रविवारी सकाळी सहाला बाबा उठून तयार. जुना खाकी शर्ट, डोक्याला रुमाल. सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर गाडीचं नाक वर राहील अशी उभी करायला लावली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांखाली दगड. कारण साधं आहे : हवा वर जाते. तेव्हा रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच राहिलं पाहिजे. सेक्रेटरी काकांनी गॅलरीतून ‘रॅम्प अडवू नका’ म्हणून आवाज दिला. बाबांनी हात जोडून ‘फक्त तासभर, साहेब’ म्हटलं. वॉचमनकाका प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. बाबा खुर्चीत बसले. आणि पान्हा, पक्कड, फडकं असलेला तो डबा, ज्याला मी लहानपणापासून हात लावायचा नव्हता, तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

‘ओढणी काढून ठेव. केस बांध. रेडिएटरचा पंखा विजेवर असतो, कधीही सुरू होतो.’

रात्रभर गाडी बंद होती, म्हणून झाकण उघडायला हरकत नव्हती. गरम इंजिनचं झाकण उघडणं म्हणजे शिटी न पडलेल्या कुकरचं झाकण उघडणं. ते झाकण दाब धरून ठेवतं म्हणूनच आतलं पाणी शंभर अंशांना न उकळता एकशेवीसच्या आसपास तग धरतं. उघडलं, की क्षणात वाफ तोंडावर. बाबांच्या उजव्या मनगटावर जो पांढरट डाग आहे, तो यातलाच. मला इतकी वर्षं वाटायचं, जन्मखूण आहे.

झाकण काढलं. आत बघितलं. पाणी दिसेचना!

पाण्याची रिकामी बाटली अर्धी कापून, तोंडाकडचा भाग उलटा करून, ओल्या फडक्याने गुंडाळून रेडिएटरच्या तोंडात घट्ट बसवला. झालं नरसाळं. मी आईचं तेलाचं नरसाळं आणायला निघाले होते, तर बाबा जवळजवळ खेकसलेच. कूलंट विषारी असतं. चवीला गोड असतं, म्हणून तर जास्त धोक्याचं. सांडलं की कुत्री-मांजरं चाटतात. त्यामुळे स्वयंपाकघरातली वस्तू इकडे आली तर परत तिकडे जायची नाही, आणि सांडलेला प्रत्येक थेंब धुऊन टाकायचा. वॉचमनकाकांनी लगेच मोत्याला हाकललं.

निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्षारांचा थर बसतो. हीटर फुल्ल गरमवर, म्हणजे त्याचीही वाट उघडी राहते. मग सावकाश ओतायला सुरुवात. धार बारीक, मध्ये थांबायचं, पुन्हा ओतायचं. ‘घाई नको,’ बाबा दर मिनिटाला म्हणत होते. ‘पाण्याला खाली जायचंय आणि हवेला वर यायचंय, आणि वाट एकच आहे.’

बाटलीत निम्म्यापर्यंत पाणी दिसायला लागल्यावर गाडी सुरू केली. एसी बंद. नुसतं आयडलिंग. आणि बुडबुडे आले. आधी मोठे, टपोरे. पाणी झपकन खाली गेलं, मी पुन्हा ओतलं. पुन्हा बुडबुडे. पुन्हा ओतलं.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. बुडबुडे बारीक झाले, पण थांबेनात. एक, दोन, तीन, मग जरा शांत, मग पुन्हा एक. मी मोबाइलमध्ये वेळ बघत होते आणि डोक्यात तो शांत आवाज, स्क्रॅपला द्या ना.

‘बाबा, हे संपत नाहीयेत.’

‘अजून थर्मोस्टॅट कुठं उघडलाय? दाराच्या पलीकडची हवा अजून आतच आहे.’ ते खुर्चीतून उठले. बाबांचा उजवा हात थरथरतो. शांत बसले की जास्त. चहाचा कप आता आई अर्धाच भरते. तो हात त्यांनी पंख्यापासून लांब ठेवून वरच्या होजवर ठेवला, आणि दाबायला सुरुवात केली. दाब, सोड. दाब, सोड. आणि मी बघत राहिले. हात थरथरत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या आजारात विश्रांतीत कंप जास्त असतो, हात कामाला लावला की बरेचदा कमी होतो. सांगितलं होतं, पण मी ते फाइलमध्ये ठेवून दिलं होतं.

‘इथं हात ठेव,’ ते म्हणाले. ‘गार आहे ना? आता बघ.’

मी हात ठेवला. पाइप कोमट होता. आणि मग अचानक हाताखालून काहीतरी गरम सरकत गेल्यासारखं झालं. थर्मोस्टॅट उघडला होता. त्याच क्षणी रेडिएटरमधून ‘भ्भळ्क’ असा आवाज आला, बाटलीत एक भलामोठा बुडबुडा फुटला आणि सगळं पाणी गडप!

‘ढेकर दिला,’ बाबा म्हणाले. ‘ओत लवकर.’

तान्ह्या बाळाला दूध पाजलं की खांद्यावर घेऊन पाठ थोपटतात ना, अगदी तसंच. तोवर ओढून बसलेली गाडी जणू हलकी झाली. मी ओतत होते, बाबा पाइप दाबत होते, बुडबुडे येत होते आणि मग यायचे थांबले. आम्ही दोघं त्या कापलेल्या बाटलीत डोकं घालून उभे. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच. हिरवं पाणी शांत. पंखा घरघरत सुरू झाला, बंद झाला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद. एकही बुडबुडा नाही.

मी आत बसून हीटरच्या जाळीपुढे हात धरला. भाजेल इतकी गरम हवा! मे महिन्यात, घामाने निथळत, हीटरच्या गरम हवेला बघून आनंदाने ओरडणारी मुलगी सेक्रेटरी काकांनी गॅलरीतून पाहिली. काटा निम्म्याच्या खाली, ढिम्म.

एकूण सव्वा लिटर पाणी आत गेलं होतं. चार लिटरच्या सिस्टीममध्ये सव्वा लिटर नुसती हवा! कॉफी मशिनवाल्यांनी कूलंट भरलं होतं, झाकण लावलं होतं, बिल दिलं होतं. फक्त अर्धा तास उभं राहायला कुणाला वेळ नव्हता. पण त्यांना नावं ठेवायला तोंड कुठे होतं मला? आठवड्यातली दोन मिनिटं मलाही नव्हतीच की.

झाकण लावलं, बाजूच्या बाटलीत मिनिमम आणि मॅक्सिममच्या मध्ये पातळी ठेवली. हात धुताना मी एकदम बोलून टाकलं. घाट, काटा, गाणं, वाफ, तेवीस हजार, सगळं.

बाबा म्हणाले, ‘मला माहीत होतं.’

‘कसं?’

‘हेडच्या कडेला नवा सीलंट दिसतोय. सर्व्हिसिंगला कोण हेड खोलतं?’ मग जरा थांबून, ‘एक फोन करायचा होतास. पैशाचं नाही म्हणत मी. घाटात एकटी उभी होतीस ना वाफ निघत असताना. झाकणाला हात लावला असतास म्हणजे?’

मी मान खाली घातली. तर तेच पुढे म्हणाले, ‘मी तरी कुठं सगळं सांगितलं? गाडी का सोडली माहितीय? गेटपाशी ब्रेकवर पाय वेळेत गेला नाही माझा. समोर ते तळमजल्यावरचं पोर होतं सायकलवर. एवढंसं अंतर राहिलं.’ त्यांनी बोटांनी अंतर दाखवलं. हात पुन्हा थरथरत होता. ‘घरी कुणाला बोललो नाही. तुझ्या आईलासुद्धा.’

मी काही बोलले नाही. फडकं घेतलं आणि त्यांच्या बोटांवरचा काळा डाग पुसायला लागले. तो काही निघाला नाही. माझ्याही नखांत तसाच बसला होता.

तुमच्याही गाडीचं इंजिन-काम नुकतंच झालं असेल तर एवढं करा. गाडी ताब्यात घेताना तिथेच वीसेक मिनिटं चालू ठेवायला सांगा आणि हीटर लावून बघा. इंजिन तापूनही गार हवा आली, डॅशबोर्डमागे गुळुगुळु वाजलं किंवा काटा वर-खाली नाचला तर गाडी तिथेच सोडा. सगळ्या गाड्यांची रीत एक नसते. काहींना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, काहींच्या रेडिएटरला झाकणच नसतं. तेव्हा आधी गाडीचं पुस्तक उघडा, ते ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकमध्येच असेल. थर्मोस्टॅट काढून टाकू म्हणाले तर नको म्हणा. इंजिन गारच राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. आणि बुडबुडे संपतच नसतील तर मात्र पुन्हा गॅरेज, दुसरा इलाज नाही.

सोमवारी सकाळी गार गाडीचं बॉनेट उघडलं. बाटलीतली पातळी दोन बोटं उतरली होती. बाबांनी सांगितलंच होतं, राहिलेली थोडीशी हवा रात्रीत निघते. भरून टाकली. मंगळवारी उतरली नाही. बुधवारीही नाही. पासिंग करायचं ठरलंय. बाबांनी यादीही केलीय, काय काय बदलायचं त्याची. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण वाचता येतं.

ऑफिसमध्ये परवा एकीने विचारलं, ‘अगं, नखांना काय झालं तुझ्या?’ म्हटलं, मॅनिक्युअर आहे. दापोडी स्टाइल.

आणि रविवारी सकाळी गॅलरीतून आवाज येतो, ‘पाणी बघितलंस का गं?’

‘हो!’ मी खालून ओरडते. बघितलेलं असतं.